ग्नॉस्टिकांची पवित्र चिन्हे व त्यांचे मूळ

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर एका वयोवृद्ध गृहस्थांनी मला वाटेत गाठून विचारले, “हे ग्नॉस्टिक म्हणजे कोण हो? ख्रिस्ती की ख्रिस्तेतर?” प्रश्न सरळ आहे, उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या व तिसऱ्या शतकांत रोमन साम्राज्यात, विशेषतः अलेक्झांड्रिया, सीरिया आणि खुद्द रोम येथे, अनेक लहानमोठे पंथ नांदत होते. त्यांतील बहुतेकांना आपण ख्रिस्ती आहो असेच वाटे. आणि त्यांच्या शेजारच्या बिशपांना ते मुळीच ख्रिस्ती नाहीत असे वाटे. ‘ग्नोसिस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ज्ञान. आपला ‘ज्ञान’ शब्द आणि हा शब्द एकाच धातूपासून निघालेले आहेत, त्यामुळे त्यांना ज्ञानपंथी म्हटले तरी चालेल. या पंथांत मतभेद पुष्कळ होते, पण बहुतेकांच्या बुडाशी एक कल्पना सापडते : हे जग परमेश्वराने केलेले नाही, कोणा कनिष्ठ, अज्ञानी आणि गर्विष्ठ निर्मात्याने ते केले आहे. माणसात मात्र वरच्या लोकीचा एक स्फुल्लिंग अडकून पडला आहे. तो ज्याने ओळखला तो सुटला.

अशा लोकांची पवित्र चिन्हे कोणती होती आणि ती त्यांनी कोठून आणली, एवढाच आजचा विषय. या प्रश्नाला गेली तीनशे वर्षे जी उत्तरे मिळत आली ती बहुधा दूरदेशी जातात. कोणी म्हणतो, इजिप्तच्या गुप्त मंदिरांतून. कोणी म्हणतो, इराणातून. आणि हिंदुस्थानातून असे म्हणणारेही निघाले आहेत. मला वाटते, इतके दूर जाण्याचे कारण नाही. ही चिन्हे त्यांना घराच्या अंगणातच सापडली. त्यांनी नवे केले ते एवढेच, की ती उचलून उलटी ठेवली.

परंतु चिन्हांकडे वळण्यापूर्वी आपली माहिती कोठून येते हे सांगणे अवश्य आहे. १९४५ सालापर्यंत या पंथांविषयी जे काही ठाऊक होते ते बव्हंशी त्यांच्या शत्रूंनी लिहिलेले होते. लियाँचा बिशप इरिनेयस याने इ. स. १८० च्या सुमारास त्यांच्या खंडनार्थ पाच भागांचा ग्रंथ लिहिला. तिसऱ्या शतकाच्या आरंभीचा, हिपोलिटसच्या नावावर असलेला दुसरा एक खंडनग्रंथ शतकानुशतके बहुतांशी नाहीसा झाला होता. त्याचे हस्तलिखित १८४२ मध्ये अॅथॉस पर्वतावर सापडले. चौथ्या शतकात सायप्रसचा बिशप एपिफानियस याने ऐंशी पाखंडांची एक जंत्रीच तयार केली आणि तिला ‘औषधांची पेटी’ असे नाव दिले; साप चावल्यावरचा उतारा, अशी त्यामागील कल्पना. पंथियांची स्वतःची म्हणावी अशी पुस्तके दोनचारच. तेव्हा एखाद्या खटल्यात फिर्यादीचीच कैफियत दप्तरात राहावी आणि आरोपीची जळून जावी, तसा हा प्रकार होता.

१९४५ साली वरच्या इजिप्तमध्ये नाग हम्मादी गावाजवळ, जबल अल्-तारिफ या डोंगराच्या पायथ्याशी, तेरा पोथ्या सापडल्या. महंमद अली नावाच्या शेतकऱ्याला खताची माती उकरताना एका रांजणात त्या मिळाल्या, असे तो सांगे. ही हकीकत त्याने निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या तऱ्हेने सांगितली, म्हणून अलीकडे अभ्यासक तिच्याकडे थोडे साशंकपणे पाहतात. पोथ्यांविषयी मात्र शंका नाही. चामड्याच्या वेष्टनात बांधलेल्या, कॉप्टिक भाषेतील, चौथ्या शतकात नकललेल्या या पोथ्यांत एकंदर ५२ प्रकरणे आहेत. एका पोथीचे वेष्टन ताठ करण्यासाठी आत रद्दी कागद डकवले होते, त्यांतील काहींवर इ. स. ३४१ ते ३४८ मधील तारखा निघाल्या. रद्दीचा इतका चांगला उपयोग क्वचितच होतो! या सर्व पोथ्या आज कैरोच्या कॉप्टिक संग्रहालयात आहेत आणि १९७७ मध्ये त्यांचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर एका खंडात प्रसिद्ध झाले. म्हणजे सतराशे वर्षांनंतर आरोपीला बोलावयाची संधी मिळाली.

आता चिन्हांकडे येऊ. त्यांत पहिला मान सर्पाचा. हिपोलिटस ज्यांना ‘नासेनी’ म्हणतो आणि इतर लेखक ज्यांना ‘ओफाइट’ म्हणतात त्या पंथांची नावेच सर्पावरून पडली आहेत. ‘नाहाश’ हा सर्पवाचक हिब्रू शब्द आणि ‘ओफिस’ हा ग्रीक. येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. ‘नाहाश’ ऐकताच आपल्या मनात ‘नाग’ येतो आणि नाते जुळविण्याचा मोह होतो. पण या दोन शब्दांचा काही संबंध नाही. संबंध आहे तो ‘ओफिस’ आणि वेदांतल्या ‘अहि’चा, आणि तो कानाला मुळीच ऐकू येत नाही. शब्दव्युत्पत्तीत कान हा फार लबाड साक्षीदार आहे.

सर्पाविषयी एपिफानियसने दिलेली हकीकत प्रसिद्ध आहे. तो सांगतो, की हे लोक एका पेटीत जिवंत साप पाळतात. उपासनेच्या वेळी मेजावर भाकरी मांडून पेटी उघडतात. साप बाहेर येऊन भाकरींवर वेटाळे घालतो. मग त्या भाकरी मोडून वाटतात आणि सापाच्या तोंडाचे चुंबन घेतात. नागपंचमीला पाटावर नाग रेखून दूधलाह्या वाहणाऱ्या आपल्या समाजाला यात भय वाटण्यासारखे फारसे दिसणार नाही. पण ख्रिस्ती वाचकाच्या अंगावर शहारे यावेत म्हणूनच ही हकीकत लिहिलेली आहे. ती खरी असेल काय? एपिफानियस तरुणपणी इजिप्तमध्ये एका ग्नॉस्टिक मंडळीच्या सहवासात आला होता आणि त्याने केलेल्या चहाडीवरून ऐंशीएक माणसे गावातून हाकलली गेली, हे तो स्वतःच अभिमानाने सांगतो. तेव्हा त्याला या लोकांची काहीच माहिती नव्हती असे नाही. परंतु सर्पाचा हा विधी आपण डोळ्यांनी पाहिला असे तो म्हणत नाही. शिवाय अर्धवट उघड्या करंडीतून बाहेर पडणारा साप हे चित्र त्या मुलखात फार जुने आहे. पर्गामम येथे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पाडलेल्या रुप्याच्या नाण्यांवर नेमके तेच चित्र आहे, आणि ते डायोनिससच्या गुप्त उत्सवातील आहे. नाग हम्मादीच्या ५२ प्रकरणांत भाकरीवर साप सोडण्याचा विधी कोठेही सापडत नाही. पंथाने तो डायोनिससच्या भक्तांकडून घेतला असेल, किंवा एपिफानियसने त्यांचा विधी यांच्या माथी मारला असेल. मला दुसरी गोष्ट अधिक संभवनीय वाटते.

मग या लोकांचा खरा सर्प कोणता? तो बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, ‘उत्पत्ती’च्या तिसऱ्या अध्यायात बसलेला आहे. ती कथा आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. देवाने आदामाला बजावले की, या झाडाचे फळ खाशील त्या दिवशी मरशील. सर्पाने हव्वेला सांगितले की, तुम्ही मरणार नाही. उलट तुमचे डोळे उघडतील. त्यांनी फळ खाल्ले, आणि ती त्या दिवशी मेली नाहीत. त्यांचे डोळे उघडले. कथा इतकी शतके सर्वांनी वाचली, पण दोघांपैकी खरे कोण बोलले, हा प्रश्न मोकळेपणाने विचारला तो या लोकांनी. नाग हम्मादीच्या नवव्या पोथीत ‘सत्याची साक्ष’ या अर्थाच्या नावाने ओळखले जाणारे एक प्रकरण आहे. त्याचा कर्ता विचारतो, हा कसला देव? आधी त्याने आदामाला ज्ञानाचे फळ नाकारले, मग आदाम कोठे लपला आहे हेही त्याला कळेना, आणि शेवटी मत्सराने त्याला बागेबाहेर काढले! जो शिकवितो तो सर्प, आणि जो शिकू देत नाही तो जगाचा निर्माता. चिन्ह तेच राहिले. बाजू मात्र बदलल्या.

हा उलटा अर्थ कोठे जन्मला याचा एक सुंदर पुरावा आहे. दुसऱ्या पोथीतील दोन प्रकरणांत हव्वा, सर्प आणि ‘शिकविणारा’ या तिघांची विलक्षण सांगड घातलेली आहे. कॉप्टिकमध्ये वाचताना ही सांगड का घातली ते उमगत नाही. या पोथ्या ग्रीकमधून भाषांतरलेल्या. पण ग्रीकमध्येही ती उमगत नाही. अरमाईक भाषेत मात्र सगळे एकदम उलगडते. त्या भाषेत सापाला ‘हिव्या’ म्हणतात, सांगणे-शिकविणे याला ‘हव्वी’ हे क्रियापद आहे, आणि आदामाच्या बायकोचे नाव तर हव्वाच. श्लेष भाषांतरात टिकत नाही हे आपणां मराठी वाचकांना सांगावयास नको. मोरोपंतांची आर्या इंग्रजीत नेऊन पाहावी म्हणजे कळेल. म्हणून ज्यांनी ही कथा प्रथम अशी उलटी सांगितली ते अरमाईक बोलणारे आणि मोशेचे पुस्तक बारकाईने वाचणारे लोक असले पाहिजेत. याच श्लेषावर खुद्द यहुदी पंडितांनीही ‘उत्पत्ती’वरील आपल्या जुन्या भाष्यात खेळ केला आहे, फक्त त्यांनी तो हव्वेला दोष देण्यासाठी केला. म्हणजे हा सर्प परदेशातून आलेला नव्हे. तो यहुदी पाठशाळेच्या ओसरीवरच वाढला.

आणि त्या ओसरीवर तो पूर्वीपासून होताच. ‘गणना’ या पुस्तकात अशी कथा आहे की, रानात साप चावून लोक मरू लागले तेव्हा मोशेने पितळेचा साप करून खांबावर उभारला. त्याकडे जो पाही तो वाचे. हा पितळी साप यरुशलेमेत शेकडो वर्षे पूजिला जात होता. लोक त्यापुढे धूप जाळीत आणि त्याला ‘नेहुश्तान’ म्हणत. इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या अखेरीस हिज्कीया राजाने तो फोडून टाकला, असे ‘राजे’ या पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे. अकाबाच्या आखातापासून जवळच तिम्ना येथे तांब्याच्या जुन्या खाणी आहेत. तेथील एका देवळाच्या उत्खननात १९६९ साली बारा सेंटिमीटर लांबीचा, सोनेरी मुलामा दिलेल्या डोक्याचा तांब्याचा साप मिळाला. मोशेचा साप तो नव्हे. पण त्या प्रदेशात अशा वस्तू देवळात असत एवढे त्यावरून सिद्ध होते. पुढे योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या उंचावले जाण्याला याच सापाची उपमा आली. हिपोलिटसने वर्णिलेला ‘पेराती’ पंथ याच उपमेचा आधार घेतो : रानातील चावरे साप म्हणजे नशीब घडविणारे तारे, आणि खांबावरचा साप म्हणजे त्यांच्यापासून सोडविणारा. ज्या पानावरून बिशप प्रवचन करीत त्याच पानावरून हेही बोलत होते. आणि बिशपांच्या संतापाचे खरे कारण तेच असावे.

सर्व ग्नॉस्टिक सर्पपूजक होते असे मात्र समजू नये. ‘योहानाचा गुप्त ग्रंथ’ हे त्यांचे फार मान्य पुस्तक. त्याच्या तीन प्रती नाग हम्मादीत आणि एक बर्लिनच्या पोथीत मिळाली. त्यात फळ खावयास शिकविणारा सर्प नव्हे, ख्रिस्त आहे; तो गरुडाच्या रूपाने झाडावर बसतो. सर्पाने शिकविली ती फक्त वासना. याच ग्रंथात जगाच्या अज्ञानी निर्मात्याचे, यल्दाबाओथाचे, रूप दिले आहे ते सिंहाच्या तोंडाच्या सर्पाचे.

हे सिंहमुखी सर्पाचे रूप कोठून आले? त्यासाठी आपल्याला देवळात नव्हे, वैद्याच्या दुकानात जावे लागते. त्या काळी इजिप्तमध्ये आणि इतरत्र पोटदुखीवर हिरव्या यशबाचा खडा गळ्यात बांधीत. त्यावर सिंहाचे डोके आणि भोवती किरणे असलेला साप कोरलेला असे. त्याचे नाव ख्नूबिस. मुळात हा इजिप्ती पंचांगातील एक तारकादेव. दुसऱ्या शतकातील थोर वैद्य गेलन या खड्याचा उल्लेख करतो. त्याने स्वतः साप न कोरलेले साधे खडे पोटावर लोंबतील असे बांधून पाहिले आणि लिहून ठेवले की, गुण तितकाच येतो! यल्दाबाओथ हा पोटदुखीचा देव होता असे मला म्हणावयाचे नाही. पण ‘योहानाचा गुप्त ग्रंथ’ ऐकणाऱ्या माणसाने सिंहमुखी सर्प म्हणताच कोणते चित्र डोळ्यांपुढे आणले असेल, याचा अंदाज या खड्यांवरून बांधता येतो. जे रूप शेजारी ताईत म्हणून गळ्यात बांधीत होता तेच रूप या ग्रंथाने जगाच्या जुलमी धन्याला दिले.

खड्यांचा विषय निघाला म्हणून एका मोठ्या गैरसमजाचीही वासलात लावू. युरोपातील संग्रहालयांत असे कोरीव खडे हजारोंनी आहेत. त्यांवर वारंवार दिसणारी एक आकृती म्हणजे कोंबड्याचे डोके, माणसाचे धड आणि पायांच्या जागी दोन साप. एका हातात चाबूक, दुसऱ्यात ढाल. सोबत पुष्कळदा ‘याओ’ आणि ‘अब्रासाक्स’ अशी अक्षरे असतात. ‘याओ’ म्हणजे यहुद्यांच्या देवाच्या नावाचे ग्रीक रूप. ‘अब्रासाक्स’ या नावातील ग्रीक अक्षरांना अंक मानून बेरीज केली तर १, २, १००, १, २००, १ आणि ६० मिळून ३६५ होतात, म्हणजे वर्षाचे दिवस. अलेक्झांड्रियाचा बॅसिलिडीस हा ग्नॉस्टिक आचार्य ३६५ स्वर्ग मानीत असे आणि त्यांच्या अधिपतीला हेच नाव देत असे, असे इरिनेयसने लिहिले. तेवढ्या एका वाक्यावर सतराव्या शतकापासून पंडितांनी सगळेच खडे ग्नॉस्टिक ठरविले. १८६४ मध्ये सी. डब्ल्यू. किंग यांनी या विषयावर मोठे पुस्तक लिहिले आणि तो समज लोकप्रिय केला. १९५० मध्ये कॅम्बेल बॉनर यांनी हे खडे एकेक करून तपासले आणि दाखवून दिले की, त्यांतील फारच थोड्यांचा ग्नॉस्टिकांशी संबंध जोडता येतो. बाकीचे ताप, पोटशूळ, बाळंतपण, प्रेम आणि वैर यांवरचे बाजारी ताईत आहेत. नाग हम्मादीच्या पोथ्यांत अब्रासाक्स हे नाव येते खरे, पण कोणा सर्वाधिपतीचे म्हणून नव्हे, तर जिवांना साह्य करणाऱ्या एका सेवकदूताचे म्हणून. कोंबड्याच्या डोक्याचा तेथे पत्ताही नाही. आजही जादूटोण्याच्या पुस्तकांच्या वेष्टनावर ही आकृती ‘ग्नॉस्टिक चिन्ह’ म्हणून छापतात. तिने आता बॉनरसाहेबांकडे लक्ष देणे सोडून दिले आहे.

याहून मोलाची वस्तू म्हणजे ओफाइटांचा नकाशा. इ. स. १७८ च्या सुमारास सेल्सस नावाच्या तत्त्वज्ञाने ख्रिस्ती धर्मावर टीका करताना त्याचे वर्णन केले. सत्तर वर्षांनी ओरिजेन याने सेल्ससला उत्तर देताना खटपट करून त्या नकाशाची प्रत मिळविली आणि तपशील दिला. मूळ चित्र आज उपलब्ध नाही. वर्णनावरून ते पुन्हा काढण्याचे प्रयत्न अनेकांनी केले आणि प्रत्येकाचे निराळे झाले. त्यात एकमेकांपासून विलग अशी वर्तुळे होती आणि त्या सर्वांना वेढणारे एक मोठे वर्तुळ होते. त्याचे नाव लेविआथान. मधून एक जाड काळी रेघ जात होती; ती नरकाची. मेलेल्याच्या जिवाने वर जाताना सात दारे ओलांडावयाची, प्रत्येक दारावरच्या रक्षकाला ठराविक परवलीचे शब्द सांगावयाचे. रक्षकांची तोंडे सिंह, बैल, सर्प, गरुड, अस्वल, कुत्रा आणि गाढव यांची. ऐकताना हे सारे स्वप्नवत वाटते, पण एकेक तुकडा हातात घेऊन पाहावा. दारे सात, कारण ग्रह सात. आणि सिंहमुखी रक्षकाचा संबंध शनीशी असल्याचे ओरिजेनच सांगतो. सिंह, बैल व गरुड यांची तोंडे यहेज्केल संदेष्ट्याच्या दर्शनातली. मीखाएल, गब्रीएल, रफाएल ही नावे यहुदी देवदूतांची. लेविआथान ईयोबाच्या पुस्तकातला. दारावरच्या रक्षकाला नाव सांगून पुढे जाण्याची रीत इजिप्तच्या ‘मृतांच्या पुस्तका’त दीड हजार वर्षांपासून लिहिलेली होती. नवी होती ती फक्त एक गोष्ट : या दारांवरचे द्वारपाल देवाचे सेवक नव्हेत, तर तुरुंगाचे पहारेकरी आहेत. ज्या आकाशाकडे पाहून ग्रीक तत्त्वज्ञ विश्वाच्या सुव्यवस्थेची वाखाणणी करीत, त्या आकाशाला या लोकांनी कोठडीचे छत मानले.

शेपूट तोंडात धरून वाटोळा झालेल्या सापाचीही तीच गत. त्याचे सर्वांत जुने ज्ञात चित्र तुतनखामेनच्या थडग्यातील सोन्याने मढविलेल्या एका देव्हाऱ्यावर आहे. ते इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातले. तेथे तो मृत राजाचे डोके व पाय वेढून त्याचे रक्षण करतो. ताइतांवर तो मंत्राक्षरांचे कुंपण होतो. ‘पिस्तिस सोफिया’ या ग्रंथाची पोथी १७८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमने विकत घेतली. तिच्यात हाच साप सृष्टीच्या बाहेरचा अंधार आहे. त्याच्या पोटात पाप्यांना यातना भोगाव्या लागतात. राखणदार होता तो तुरुंग झाला.

क्रूसाविषयी थोडक्यात सांगतो. व्हॅलेंटिनस याच्या अनुयायांनी क्रूसाला ‘सीमा’ असे नाव दिले होते. दिव्य लोक आणि खालची सृष्टी यांमधले ते कुंपण. आपल्याला हे विचित्र वाटते; पण ‘स्तावरोस’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थच जमिनीत ठोकलेली मेढ असा आहे. त्यांनी शब्दाचा जुना अर्थ जागा केला इतकेच.

हिंदुस्थानचे काय, असे कोणी विचारील. इजिप्त आणि आपला पश्चिम किनारा यांत त्या शतकांत भरघोस व्यापार होता, आणि अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटला बुद्धाचे नाव ठाऊक होते. १९६६ मध्ये इटलीत मेसिना येथे ग्नॉस्टिक मतांच्या उगमावर परिषद भरली, तीत एडवर्ड कॉन्झ यांनी महायान बौद्ध विचाराशी असलेली साम्ये मांडली. विचारांची साम्ये आहेतच. पण चिन्हांपुरते बोलावयाचे तर, येथून तेथे गेलेले म्हणून बोट दाखविता येईल असे एकही चिन्ह मला आढळलेले नाही.

हे पंथ पुढे लोपले. एक मात्र टिकला. इराक आणि इराणच्या दक्षिण भागात, नद्यांच्या काठी, मांदियन लोकांची वस्ती आहे. स्वतःच्या नावाचा अर्थ ते ‘ज्ञानी’ असाच सांगतात. ‘मंदा’ म्हणजे ज्ञान. वाहत्या पाण्यात पुन्हा पुन्हा स्नानसंस्कार करणे हा त्यांचा मुख्य धर्म. २००३ नंतरच्या युद्धांत त्यांतील बहुसंख्य लोक इराक सोडून ऑस्ट्रेलिया, स्वीडन आणि इतर देशांत गेले. त्यांच्यापाशी ‘स्कंदोला’ नावाची एक लोखंडी मुद्रा असते. तिच्यावर सिंह, विंचू आणि गांधीलमाशी कोरलेली असून त्यांच्याभोवती शेपूट तोंडात धरलेला साप असतो. मूल जन्मले की त्याच्या बेंबीवर या मुद्रेचा ठसा उमटवितात. आणि माणूस पुरला की त्याच्या थडग्याच्या मातीवर हाच ठसा.